देवाच्या नावाने मत मागितलं तर कायदा काय करतो आणि कुठे अडकतो

विचारलंय ते थोडक्यात असं: विधानसभेच्या प्रचारात एका उमेदवाराच्या सभेला मठाचे महाराज आले, माईकवरून "धर्म वाचवायचा असेल तर कुठलं बटण दाबायचं ते ध्यानात ठेवा" म्हणाले, मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत देवासमोर भंडारा उचलायला लावून शपथा घेतल्या गेल्या, लेखी तक्रार दिली, पोच मिळाली, पुढे काही नाही. मग हा कायदा फक्त कागदावर आहे का? आणि त्यालाच जोडून दुसरं विचारलंय, की धर्म राजकारणात आला तर एवढं बिघडतं काय, उलट पुढाऱ्यांना जरा देवाची भीती राहील.

मी निवडणूक याचिकांचं, म्हणजे निवडणुकीच्या निकालाला कोर्टात आव्हान देण्याच्या प्रकरणांचं काम करतो, बरीच वर्षं झाली. निवडून आलेल्यांसाठी उभा राहिलोय, पडलेल्यांसाठीही, आणि पक्ष म्हणाल तर सगळ्याच रंगांचे लोक ऑफिसच्या पायऱ्या चढून गेलेत, त्यामुळे खाली लिहितोय ते कुठल्या एका पक्षावर डोळा ठेवून नाही. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो नीट समजला नाही तर पहिल्याचं उत्तर म्हणजे नुसती कलमांची जंत्री होईल.

देवाची भीती पुढाऱ्याला असेल तर चांगलंच आहे, घटनेच्या २५ व्या कलमाने त्याला श्रद्धेचा हक्क दिलेलाच आहे, त्याने वारीला जावं, नमाज पढावी, चर्चला जावं, कुणाची ना नाही. पण प्रचाराच्या भाषणात धर्म येतो तेव्हा पुढाऱ्याच्या पापपुण्याचा विषय नसतोच हो, विषय असतो मोजणीचा, आपण किती आणि ते किती. ही भाषणं मी शब्द न् शब्द वाचतो, कामच ते आहे, आणि "मी टक्केवारी खाणार नाही कारण माझा धर्म मला तसं शिकवतो" असं वाक्य मला आजवर एकाही भाषणात सापडलेलं नाही. सापडतं ते हे, की अमुक निवडून आला तर आपल्या सणांचं काय होईल, आपल्या पोरीबाळींचं काय होईल, त्या मोहल्ल्यात फटाके कसे वाजतील. म्हणजे देवाची भीती पुढाऱ्याला बसतच नाही, शेजाऱ्याची भीती मतदाराला बसते.

बाबासाहेबांनी स्वातंत्र्याच्या आधीच या बाबतीत एक फरक दाखवून दिला होता आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. राजकीय बहुमत घडतं आणि मोडतं, जातीधर्माचं बहुमत मात्र जन्मानेच ठरलेलं असतं. आज माझा पक्ष हरला तर मी पाच वर्षं लोकांना पटवू शकतो, तुमचं मत बदलवू शकतो, उद्या आम्ही जिंकू शकतो, म्हणून तर हरलेला माणूस निकाल मान्य करून घरी जातो. पण मतदान जन्मावर व्हायला लागलं की हरलेला कायमचा हरलेला, त्याने कितीही चांगला मुद्दा मांडला तरी त्याची संख्या काही वाढणार नाही, आणि जिंकलेल्याला कुणाला काही पटवून द्यायची गरजच उरत नाही. इंग्रजांनी १९०९ साली स्वतंत्र मतदारसंघ दिले, मुसलमानांनी मुसलमानांनाच निवडायचं, आणि त्याची फळं १९४७ ला सगळ्यांनी भोगली. म्हणून घटनेत ३२५ वं कलम आलं, एका मतदारसंघाला एकच मतदार यादी, धर्म-जात-लिंग यावरून कुणाला वगळायचं नाही आणि कुणाची वेगळी यादीही करायची नाही. यादी एक केली हो आपण, पण प्रचार करणारे डोक्यात ती परत फोडतात, बूथवर बसलेला कार्यकर्ता आडनावावरूनच खुणा करत असतो हे तुम्हीही बघितलं असेल.

याचा रोजच्या जगण्यावर परिणाम कसा होतो ते सांगतो. प्रचाराच्या पहिल्या आठवड्यातली भाषणं आणि शेवटच्या चार दिवसांतली भाषणं शेजारी शेजारी ठेवून वाचली की फरक ढळढळीत दिसतो. सुरुवातीला पाणीयोजना, पीकविमा, एमआयडीसीतली बंद पडलेली युनिटं, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाही, असं सगळं असतं. मग विद्यमान आमदाराला कळतं की या हिशोबात आपण कमी पडतोय, आणि तिथून भाषा फिरते, एखाद्या जुन्या दर्ग्याचा वाद निघतो, कुठलं तरी स्टेटस व्हायरल होतं, मिरवणुकीचा मार्ग हा मुद्दा होतो. यानंतर पाण्याबद्दल विचारणारा माणूस एकदम धर्मद्रोही ठरतो, स्वतःच्याच समाजात त्याची मान खाली जाते. आमदाराचं काम झालं. पुढची पाच वर्षं नळाला पाणी कुणालाच येत नाही, भंडारा उचललेल्याला पण नाही आणि ज्याच्या विरोधात उचलला त्याला पण नाही.

आणि यात धर्माचं पण भलं होत नाही, हे श्रद्धाळू लोकांनी जास्त मनावर घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडची मोठी देवस्थानं बघा. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर, यांच्यासाठी वेगवेगळे कायदे आहेत आणि विश्वस्त किंवा समिती सरकार नेमतं. हे कायदे आले ते देवस्थानाचा कारभार नीट चालावा म्हणून. प्रत्यक्षात सरकार बदललं की मंडळ बदलतं, तिकीट कापलेल्या माणसाचं पुनर्वसन म्हणून देवस्थानचं पद दिलं जातं, आघाडी असेल तर कुठलं देवस्थान कुठल्या पक्षाला याची वाटणी होते आणि ती पेपरात छापून येते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला शिर्डी संस्थानचं मंडळ बरखास्त करायची वेळ आली. भाविकाने दानपेटीत टाकलेला पैसा आणि राजकारण्याचा पुढचा प्रचार यांच्यामधली भिंत इतकी पातळ झाली तर मंदिर मंदिर कसं राहणार? मला इथे टिळकांचं उदाहरण लगेच दिलं जातं, १८९३ ला गणपती सार्वजनिक केला ते राजकारणच होतं ना म्हणून. होतं. पण समोर परकं सरकार होतं, सभांवर बंधनं होती आणि सामान्य माणसाला मतच नव्हतं. आज मत आहे, सभा घ्यायला मैदान आहे, विधानसभा आहे, तरी मंडपाच्या कमानीवर गणपतीपेक्षा मोठा फोटो नगरसेवकाचा लागतो, त्याला टिळकांचा आधार देऊ नका.

आता कायदा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३, भ्रष्ट आचार. पोटकलम ३ म्हणतं की उमेदवाराने, त्याच्या एजंटने किंवा त्यांच्या संमतीने इतर कुणी धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन केलं, किंवा धार्मिक चिन्हं वापरली, तर तो भ्रष्ट आचार. ३-अ म्हणतं की या आधारांवर लोकांमध्ये शत्रुत्व पसरवलं तर तोही. पूर्वी धर्माच्या नावावरचं आवाहन "पद्धतशीर" असल्याचं दाखवावं लागायचं, १९६१ ला तो शब्द काढून टाकला, म्हणजे एका भाषणातलं एक आवाहन पण पुरे आहे. सिद्ध झालं तर निवडणूक रद्द, आणि राष्ट्रपती निवडणूक आयोगाचं मत घेऊन सहा वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. कलम १२५ वेगळं आहे, निवडणुकीच्या संदर्भात धर्मावरून शत्रुत्व पसरवणं हा फौजदारी गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तो उमेदवारच नाही तर कुणालाही लागू. त्यातही कलम ८ बघा, यात किंवा दोन समाजांत तेढ पसरवण्याच्या गुन्ह्यात नुसता दंड झाला तरी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. कागदावर याहून कडक अजून काय हवं?

या विषयावरचा देशाचा कायदा बराचसा मुंबईतल्या मतदारसंघांनी घडवलाय. कुंभारवाडा १९७२. निवडून आलेले उमेदवार बुखारी प्रचारात म्हणाले होते की प्रतिस्पर्धी चगला हे खरे मुसलमान नाहीत, धर्माला धरून आहे तो मी. दोघंही मुसलमान, म्हणजे हिंदू-मुस्लिम भांडण नव्हतंच. तरी निवडणूक रद्द झाली आणि १९७५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. हे प्रकरण मी मुद्दाम सांगतो, कारण धर्मावर मतं मागायला लागलं की दुसऱ्या धर्माचा माणूस संपल्यावर आपल्याच धर्मात कोण खरा कोण खोटा हे सुरू होतं, तिथे कुणीच सुरक्षित नसतो.

विलेपार्ले, डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक. डॉ. रमेश प्रभू निवडून आले, त्यांच्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून उच्च न्यायालयाने १९८९ ला निवडणूक रद्द केली, ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं आणि पुढे राष्ट्रपतींच्या आदेशाने ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. या निकालातलं "हिंदुत्व ही जीवनशैली" एवढंच सगळ्यांना आठवतं. हा शब्द आला म्हणजे आपोआप धर्माचं आवाहन झालं असं नाही, भाषणात तो कसा वापरला ते बघावं लागेल, असं न्यायालय म्हणालं हे खरंच, पण त्याच निकालात तीच भाषणं धर्माच्या नावावर मत मागणारी ठरली आणि निवडणूक गेली, ही अर्धी बाजू कुणी सांगत नाही. त्याच दिवशी दादरच्या प्रकरणाचा पण निकाल लागला. मनोहर जोशी १९९० ला शिवाजी पार्कच्या सभेत बोलले होते की पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल. न्यायालयाने म्हटलं की हे वाक्य कितीही निंद्य असलं तरी ती फार तर एक आशा आहे, थेट मताचं आवाहन नाही, आणि त्यांची निवडणूक वाचली. निकालाच्या वेळी ते मुख्यमंत्री होते. मला स्वतःला हा फरक पटत नाही, निवडणूक सभेत उमेदवार जे बोलतो ते मतासाठीच बोलतो, श्रोत्यांपैकी एकालाही त्याबद्दल शंका नसते. पण कायदा आज तसा आहे.

मग सांताक्रूझ, अभिराम सिंग प्रकरण, निवडणूक १९९० ची. प्रश्न असा होता की "त्याच्या धर्माच्या आधारावर" म्हणजे फक्त उमेदवाराच्या धर्माचं नाव घेतलं तर की मतदाराच्या पण. जुन्या अर्थाने फक्त उमेदवाराच्या, म्हणजे हिंदू उमेदवाराने मुसलमान वस्तीत जाऊन "मुसलमान म्हणून मला मत द्या" म्हटलं तर ते सुटत होतं. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवार असो, प्रतिस्पर्धी असो, मतदार असो, कुणाच्याही धर्माच्या आधारावरचं आवाहन चालणार नाही. तीन न्यायमूर्तींचं वेगळं मत होतं, की एखाद्या समाजावर धर्म, जात किंवा भाषेमुळे अन्याय झाला असेल तर तो मांडायचाच नाही का, आणि ती काळजी अगदी खरी आहे. मी लोकांना हा फरक असा सांगतो: "आमच्या वस्तीला दाखले मिळत नाहीत, निवडून आलो तर मिळवून देईन" हे राजकारण आहे, ते बोललंच पाहिजे. "तुम्ही आमच्यातले, म्हणून मत द्या" हे आवाहन आहे.

पण तारखा बघितल्यात का? निवडणूक १९९० ची, निकाल २०१७ चा. विलेपार्ल्याचं अंतिम उत्तर आलं तेव्हा ती विधानसभा केव्हाच संपली होती, मधे दोनदा नव्याने निवडणूक झाली होती. कायद्यात लिहिलंय की निवडणूक याचिका सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा. मी या कामात आल्यापासून हे वाक्य जजसमोर वाचून दाखवतोय. उत्तर देण्यासाठी मुदत, मग याचिका फेटाळा असा अर्ज, त्यावर अपील, स्थगिती, साक्षीदार येत नाही, आणि पाच वर्षं उलटली की याचिकेत अर्थ उरला नाही म्हणून निकाली. धर्मावर मत मागणाऱ्याला हे पक्कं माहिती असतं. पीक कापून, विकून, पैसे खर्च करून झाल्यावर बांधावर पंचनामा करायला यावं, तसला हा प्रकार.

वेळेशिवाय अजून तीन जागी गाडी अडते. पहिली, "उमेदवार" कोण. १९७५ च्या दुरुस्तीनंतर अर्ज भरल्यापासूनच माणूस उमेदवार धरला जातो, त्याआधीची भाषणं कलम १२३ मध्ये येत नाहीत. म्हणून बघा, सगळ्यात विखारी मेळावे, यात्रा, धर्मसभा या आचारसंहितेच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत होतात, आणि अर्ज भरल्यावर उमेदवार स्वतः एकदम सौम्य बोलायला लागतो. दुसरी, संमती. महाराज बोलले, उमेदवार बोलला नाही. महाराजांना त्याने बोलावलं होतं, त्याच्या संमतीने ते बोलले, हे तुम्हाला सिद्ध करायचंय, आणि तेही जवळपास फौजदारी खटल्याइतक्या काटेकोर पुराव्याने. त्यातून महाराजांवर ठपका ठेवायचा तर कलम ९९ खाली त्यांना आधी नोटीस देऊन बाजू मांडू द्यावी लागते, ते राहिलं की सगळंच ढासळतं.

तिसरी जागा म्हणजे पुरावा, आणि इथे बहुतेक चांगल्या तक्रारी मरतात. एक अनुभव सांगतो. तरुण कार्यकर्ते व्हिडिओ घेऊन आले, भाषण अगदी स्वच्छ, चेहरा स्पष्ट, वाक्य असं की मलाही वाटलं यातून सुटणं अवघड आहे. विचारलं कुणी काढला. ग्रुपवर आला. त्या ग्रुपवर कुणी टाकला? दुसऱ्या ग्रुपवरून. असं करत करत ज्याने काढला होता त्याच्यापर्यंत पोचलो तर त्याने तो मोबाईल एक्स्चेंजमध्ये देऊन नवीन घेतला होता. संपलं. इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर मूळ उपकरण कोर्टात आणा, नाहीतर ज्याच्या ताब्यातलं ते उपकरण त्याचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्या. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने एका निवडणूक याचिकेतच प्रमाणपत्र नसलेल्या सीडी बाजूला काढल्या, आणि २०२० ला जालन्याच्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात प्रमाणपत्राची अट पुन्हा पक्की केली. लाखभर लोकांनी बघितलेला व्हिडिओ कोर्टाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो, हे लोकांना पटत नाही, राग येतो, आणि तो राग मी समजू शकतो.

भंडाऱ्याच्या शपथेबद्दल. अशा शपथेचं मूल्य कायद्यात शून्य आहे आणि उलट ती घ्यायला लावणारा गुन्हेगार आहे. मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल असं मतदाराला वाटायला लावणं हा कलम १२३(२) प्रमाणे गैरवाजवी दबाव, आणि फौजदारी कायद्यातही गुन्हा. पण हे कोर्टात आणायचं कसं? एक मावशी मुलाला घेऊन आल्या होत्या, वस्तीतल्या सगळ्या बायकांना रात्री देवळात बोलावलं, एकेकीच्या हातावर बेल-भंडारा ठेवला, वर पाचशेच्या नोटा, आणि कुणाला सांगितलं तर पोराबाळांचं वाटोळं होईल असं त्यात वदवून घेतलं. त्यांनी मला सगळं सांगितलं, नावानिशी. प्रतिज्ञापत्रावर सही करायची म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. "साहेब, तुमच्यापुढं बोलले तेवढंच देवानं माफ केलं तर पुष्कळ," म्हणाल्या आणि उठल्या. मुलगा चिडला त्यांच्यावर, मी त्याला गप्प केलं. त्या बाईला वकिलाचा धाक नव्हता की पुढाऱ्याचा नव्हता, जन्मभर ज्या देवाला हात जोडले त्याचाच धाक घातला होता त्यांना, एका मतासाठी. ज्यांना धर्माचा अभिमान आहे त्यांना या गोष्टीची चीड यायला पाहिजे, आमच्यासारख्या कायदेवाल्यांपेक्षा जास्त.

महाराजांचं म्हणाल तर धर्मगुरूला मत असतं आणि ते सांगायचा हक्क पण असतो. मला अमुक उमेदवार बरा वाटतो असं महाराजांनी, मौलानांनी, फादरनी म्हटलं तर एवढ्यावरून गुन्हा होत नाही. ओलांडली जाते ती रेषा १९५९ च्या रामदयाल विरुद्ध संतलाल प्रकरणात आखलेली आहे, नामधारी पंथाच्या गुरूंनी अनुयायांना हुकूमच काढला होता. गुरूचा शब्द असा असेल की न मानणं म्हणजे पाप, शिष्याला निवडीची मोकळीकच राहत नाही, तर तो गैरवाजवी दबाव. भाषण मंदिराच्या, मशिदीच्या आवारात झालं तर अजून एक कायदा आहे जो पोलीस ठाण्यात सहसा कुणाला आठवत नाही, धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंध कायदा १९८८. पंजाबातल्या त्या वर्षांतल्या दहशतवादाच्या पार्श्वभूमीवर आला. देवस्थानाचं आवार, निधी, उत्सव, मिरवणूक राजकीय कामाला वापरू दिली तर व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद. तक्रारीत याचं नाव लिहा, अधिकाऱ्याला पुस्तक उघडावं लागतं.

पोलिसांचं काय? तेढ पसरवण्याचा गुन्हा (आधी भादंवि १५३-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता १९६) नोंदवला तरी कोर्टाने दखल घ्यायला सरकारची पूर्वमंजुरी लागते, म्हणजे भाषण करणाऱ्याचाच पक्ष सत्तेत आला की फाईल मंत्रालयात जाऊन बसते. वर सरकार बदललं की राजकीय खटले मागे घ्यायच्या समित्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलं की द्वेषपूर्ण भाषण झालं तर तक्रारीची वाट न बघता, बोलणाऱ्याचा धर्म न बघता गुन्हा नोंदवा, नाहीतर अवमान समजू. आणि निवडणूक आयोगाने मनावर घेतलं तर काय होतं ते १५ एप्रिल २०१९ ला दिसलं, एका दिवसात आदित्यनाथ आणि आझम खान यांना ७२ तास, मायावती आणि मनेका गांधी यांना ४८ तास प्रचारबंदी. तोही दणका सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी विचारणा केल्यावर, पण बसला. माझं ठाम मत आहे की खरा उपाय हाच आहे, प्रचार चालू असतानाच तोंड बंद होणं, कारण त्याची किंमत उमेदवाराला मतांत मोजावी लागते.

हे वेळीच न थांबवण्याची किंमत मुंबईने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मोजलीये. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीच्यांत ४५ अज्ञात. ती माणसं कुठल्या मतदार यादीत होती, कुणाला मत देत होती, हे मारणाऱ्याने विचारलं नव्हतं.

आता तुमच्या तक्रारीचं. पुढच्या वेळी करायचं ते सांगतो, आणि या वेळचं काय उरलंय ते पण. सभा चालू असताना निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवरून तिथल्या तिथे शूट करून तक्रार टाका, ते ॲप गॅलरीतला व्हिडिओ घेत नाही, म्हणून जागेवरच करावं लागतं, १०० मिनिटांत कारवाईचं बंधन आयोगाने घालून घेतलंय. शिवाय साध्या कॅमेऱ्याने पूर्ण भाषण काढा, फक्त ते एक वाक्य नाही, मागचा पुढचा संदर्भ नसला की "तोडून मोडून दाखवलं" हा बचाव तयारच असतो. तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका, ज्याने काढला त्याचं नाव, वेळ, ठिकाण त्याच रात्री कागदावर लिहून सही करून ठेवा. प्रत्येक मोठ्या सभेचं शूटिंग निवडणूक यंत्रणेची व्हिडिओ टीम खर्चाच्या हिशोबासाठी करत असते, त्यात भाषण असतंच, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे त्याची प्रत मागणारा लेखी अर्ज लगेच द्या. लगेच म्हणजे लगेच, कारण आयोगाने २०२५ मध्ये असा आदेश काढलाय की निकालाला आव्हान दिलेलं नसेल तर निवडणूक प्रक्रियेचं चित्रीकरण ४५ दिवसांनंतर नष्ट करता येईल.

त्या ४५ दिवसांतच याचिका पण दाखल करावी लागते, उच्च न्यायालयात, आणि ती हरलेल्या उमेदवारानेच करावी असं नाही, त्या मतदारसंघातला साधा मतदार करू शकतो, हे बऱ्याच लोकांना माहितीच नसतं. अनामत दोन हजार रुपये. खरा खर्च वकिलाचा आणि साक्षीपुराव्याचा, तो मात्र मोठा असतो, खोटं सांगत नाही. शेहेचाळिसाव्या दिवशी गेलात तर कारण कितीही खरं असो, विलंब माफ होत नाही. कोण बोललं, कुठे, कधी, नेमके शब्द काय, उमेदवाराची संमती कशावरून, हे सगळं पहिल्याच दिवशी याचिकेत पाहिजे. नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीचे कायदे आणि कोर्ट वेगळे, मुदत याहूनही बरीच कमी, तेव्हा निकालाच्या दिवशीच वकील गाठा.

तुमच्या बाबतीत निकाल लागून किती दिवस झाले ते प्रश्नात लिहिलेलं नाही. ४५ च्या आत असाल तर उद्याच कामाला लागा. उलटून गेले असतील तर निवडणुकीला आता धक्का लागणार नाही, पण कलम १२५ आणि शपथेचा फौजदारी भाग शिल्लक आहे. पोच घेतलेल्या तक्रारीची प्रत जोडून पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, २०२३ च्या आदेशाची प्रत सोबत लावा. आणि वस्तीतल्या बायकांपैकी एखादी बोलायला तयार असेल तर तिला एकटीला ठाण्यात पाठवू नका, सोबत जा. तिला त्यावरून कुणी वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे तिला आणि तिच्या घरच्यांना आधीच समजावून सांगा.